रोपांच्या टोप्या उतरवणारा काटा

मित्रांनो, मी काटा आहे, पण कुणाच्या पायात मोडणाऱ्यातला नव्हे. मी साळिंदराचा काटा. वीतभर लांब, अंगावर काळे-पांढरे पट्टे, एक टोक अणकुचीदार आणि दुसरे बोथट. साठी केव्हाच उलटली माझी. पांढरे पट्टे आता चहा सांडल्यासारखे पिवळट झाले आहेत. मी हजारो रोपांना जीवदान दिले असे कितुईच्या कोरड्या मुलखातल्या आमच्या उतारावरच्या बायका सांगत असत, आणि ते खरेच आहे. पण मी किती रोपांचा जीव घेतला हेही मला ठाऊक आहे. तेवढे मात्र कुणी सांगत नाही, म्हणून मीच सांगायला बसलो आहे.

माझा जन्मच पळापळीतला. आमची साळिंदरीण रताळ्यांच्या शेतात चोरी करायला शिरली होती. कुत्रा मागे लागला तशी ती पळाली आणि मला तिथेच टाकून गेली. दुसऱ्या दिवशी कालोंदूने मला उचलले. तेव्हा ती नवी नवरी होती. तिने मला चोळून पुसले, केसांत भांग पाडून पाहिला आणि डोक्याच्या फडक्यात उजव्या कानावर खोचून टाकले. तेच माझे घर झाले. वेण्यांचे भांग पाडणे, भोपळ्याच्या तुंब्याची अरुंद मान कोरून साफ करणे, शेजारच्या पोरांच्या टाचेतली कुसळे काढणे, अशी बारीकसारीक कामे मी करत आलो. त्यात काही नाव मिळण्यासारखे नव्हते. नाव मिळाले ते मुकाऊमुळे.

मुकाऊचे झाड तुम्ही पाहिले नसेल. आमच्याकडे पाऊस दोन-दोन वर्षे तोंड दाखवत नाही, तेव्हाही ते हिरवे असते. त्याच्या लाकडाला वाळवी लागत नाही, म्हणून घराच्या आढ्याला तेच हवे. पण त्याचे बी म्हणजे हट्टी प्रकरण. आधी शेळ्यांनी फळे खावीत, रात्रभर रवंथ करून कठीण आठळ्या गोठ्यात थुंकाव्यात, मग बायकांनी त्या वेचाव्यात. आठळी सुरीने फोडायची, आतल्या बीचे टोक खुडायचे, रात्रभर भिजवायचे, मग पात्याने त्याच्या सालीला चीर द्यायची आणि वाळूत पेरायचे. एवढे लाड केल्यावर बी उगवते, आणि उगवतानाही आपले टरफल डोक्यावर घेऊन येते. बायका त्याला टोपी म्हणत. काही रोपे टोपी आपणहून टाकतात. काहींची मात्र घट्ट बसते. आत दोन पाने हात बांधल्यासारखी मिटून राहतात. एक-दोन दिवसांत कुणी सोडवली नाहीत तर आतल्या आत पिवळी पडून कुजतात.

नखाने टोपी ओढायला गेले की पाने तुटून हातात येतात. वर खेचले तर मुळासकट रोपच येते. कालोंदूची रीत वेगळी होती. ती टोपीवर थुंकीचा एक थेंब सोडी आणि पुढच्या रोपाकडे वळे. ओळ संपवून परत येईपर्यंत टरफल मऊ झालेले असे. मग डाव्या हाताच्या दोन बोटांत रोपाची मान धरून ती माझे टोक ओठांवर ओले करी, टोपीच्या कडेखाली सरकवी आणि मला जरासे फिरवी. टोपीची दोन शकले खाली पडत. पाने लगेच उघडत नसत. थोडा वेळ जोडलेलीच राहत आणि मग हळूच अलग होत. ते पाहताना मला फार बरे वाटे, हे कबूल करतो.

दुसऱ्या गावांतले गट आमच्या बायकांच्या गटाची रोपवाटिका बघायला येत. एकदा एका साहेबांनी माझा फोटोही काढला. कालोंदूचा हात तेवढा त्यात आला.

आणि थुंकीचे म्हणाल तर आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाची थुंकी हाच आशीर्वाद. दूर निघालेल्याच्या तळव्यावर, नव्या बाळाच्या छातीवर वडीलधारे हलकेच थुंकतात. कालोंदू गावात सगळ्यांत म्हातारी. त्यामुळे तिने टोपी उतरवलेले रोप हमखास जगते, अशी सगळ्यांची श्रद्धा होती. मी त्या श्रद्धेच्या टोकावर बसलो होतो आणि फुगलो होतो.

वाएनी ही कालोंदूची नातसून. नवरा मोंबासाच्या गोदीवर कामाला, म्हणून घरात या दोघीच. त्या वर्षी वाएनीला सहावा महिना लागला होता. रोपांच्या वाफ्यापाशी त्यांची थट्टा चाले.

"आजी, एवढं थुंकून तुझं तोंड कसं गं कोरडं पडत नाही?"

"तुझ्या आजेसासऱ्याशी चाळीस वर्षं भांडले, तेव्हा नाही पडलं. रोपांनी काय पडतंय!"

"माझ्या बाळापुरतं शिल्लक ठेव म्हणजे झालं."

"त्याचं वेगळं राखलंय मी. आधी त्याला बाहेर तर येऊ दे. टोपी घालून आलं तर काटा आहेच!"

वाएनी पोट धरून हसे. तिला आई नव्हती. बाळाच्या छातीवर पहिला आशीर्वाद कालोंदूचाच पडावा, हे तिने लग्नाच्या वर्षीच मनाशी ठरवले होते. ते तिने मला सांगितले नव्हते, पण फडक्यात राहणाऱ्याला सगळे कळते.

त्या वर्षी डोंगरावरच्या एकाच मुकाऊला फळ धरले होते. बाकीची झाडे कोळशाच्या भट्ट्यांत गेली होती. शेळ्यांनी फळे संपवली आणि बायकांच्या हाती सहाशे बिया लागल्या. दुसरी खेप मिळणार नव्हती. नोव्हेंबरच्या पावसाआधी रोपे हातभर व्हायची तर ऑगस्टमध्ये पेरणी हवी होती. तशी ती झालीही. पण वारे कोरडे सुटले आणि वाळू वरून तापून पांढरी पडली. रोपे एकदम न उगवता तीन-चार आठवडे मागेपुढे उगवत राहिली, आणि निम्म्याहून जास्त टोप्या घालूनच वर आली.

पहिल्याच सकाळी कोपऱ्यात एक रोप आडवे पडलेले होते. त्याची मान वाळूपाशी तपकिरी झाली होती आणि दोऱ्यासारखी बारीक. कालोंदूला वाटले टोपीच्या ओझ्याने वाकले असेल. तिने माझ्या टोकाने त्याचे डोके उचलून पाहिले. टोक ओल्या वाळूत रुतले आणि त्या कुजक्या मानेला लागले. मला काहीतरी थंड, बुळबुळीत चिकटल्यासारखे वाटले. कालोंदूने ते रोप सोडून दिले, मला नेहमीसारखे ओठांवर ओले केले आणि पुढच्या टोपीखाली सरकवले.

मित्रांनो, तेव्हाच मला कळायला हवे होते. खरे तर कळले होते. पण काट्याला ओरडता येत नाही.

चार दिवसांनी मर पसरली, रोपे मान टाकून आडवी पडू लागली. ती सगळ्या वाफ्यात सारखी पसरली नाही, आणि घात तिथेच झाला. जी रोपे आपणहून टोपी टाकून मोकळी झाली होती ती ताठ उभी होती. ज्यांच्या टोप्या आम्ही उतरवल्या होत्या तेवढीच आडवी पडत होती. उभ्यांच्या मधून पडलेल्यांची वाट दिसत होती. आम्ही ज्या वाटेने गेलो, तीच वाट.

बायकांना ती दिसली. कालोंदू आली की बोलणे थांबू लागले. मग नदीच्या कोरड्या पात्रात पाण्यासाठी खणलेल्या खड्ड्यावर एकीने वाएनीला गाठले.

"तुझी म्हातारी हात लावते तेवढीच मरतात. बघितलंस?"

"ऊन किती आहे," वाएनी म्हणाली.

"ऊन काय निवडून पडतं? थुंकी उलटलीये तिची. मनात कुणाचं तरी वाईट धरलं असणार तिनं." मग ती वाएनीच्या पोटाकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "आपली म्हणून सांगते. बाळाच्या अंगावर थुंकू देऊ नकोस."

वाएनी डबा भरून परतली, पण घरी न जाता सरळ रोपवाटिकेत गेली. तिला एक गोष्ट आठवली होती. मागच्या आठवड्यात कालोंदूची दाढ सुजली होती. दोन दिवस ती कडू मुळी चघळत होती, म्हणून थुंकत नव्हती. त्या दोन दिवसांत टोप्यांवर वाएनीनेच भांड्यातले पाणी थेंब थेंब सोडले होते. कालोंदूने काटा ओठांना न लावता फक्त फिरवला होता. ती ओळ कुंपणाकडेला होती. वाएनी तिथे जाऊन उकिडवी बसली. त्या ओळीतले टोपी उतरवलेले एकही रोप उभे नव्हते.

म्हणजे थुंकीचा काही संबंध नव्हता. मग उरले काय? मी.

संध्याकाळी कालोंदू डुलक्या घेत असताना वाएनीने मला तिच्या फडक्यातून अलगद उपसले आणि उजेडात धरले. माझ्या टोकाला वाळलेला तपकिरी लेप होता. तिने तो नखाने खरवडला, बोटांवर चोळला, हुंगला. मला वाटले, सुटलो. आता ही सांगेल आणि सगळे मिटेल.

तिने मला परत फडक्यात खोचले.

का, ते मला लगेच कळले. पाणी कुणी घातले, असे बायका विचारणार होत्या. म्हातारीच्या घरात राहणारी, त्याच ओळीला हात लावणारी, परगावची पोर. कालोंदूवरचे बोट वळून तिच्यावर आले असते, आणि तिच्या एकटीवर नाही. तिचा दुसरा हात पोटावर होता. मी तिला दोष देत नाही असे म्हणणार होतो, पण देतो. थोडा देतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी गटाची अध्यक्ष कावुथा आणखी दोघींना घेऊन अंगणात आली. कालोंदूने नेहमीसारखा आंबवलेल्या पेजेचा तुंबा पुढे केला. कावुथाने तो घेतला नाही. आमच्याकडे कुणी तुंबा नाकारत नाही. कालोंदूचा हात तसाच पुढे राहिला.

"आजी, उद्यापासून रोपवाटिकेत येऊ नकोस."

"का गं? डोळे गेले का माझे?"

"डोळ्यांचं नाही."

"मग कशाचं?"

सोबतच्या दोघी जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या.

"तोंड उघडून बोल, कावुथा. तुझं नाव ठेवलं त्या दिवशी तुझ्या छातीवर मीच थुंकले होते."

"म्हणून तर मी आले," कावुथा म्हणाली. "दुसरं कुणी आलं असतं तर काठ्या घेऊन आलं असतं. काही घरांत तसं बोलणं सुरू झालंय. तू आपली अंगणात बस. मी त्यांना सांभाळते."

कालोंदूने तुंबा खाली ठेवला. चुलीपाशी वाएनी मुथोकोई शिजवत होती. मक्याचे सोललेले दाणे आणि चवळी तळाला लागून करपल्याचा वास येत होता, तरी तिचा डाव फिरत नव्हता. बायका गेल्यावर कालोंदूने तिच्याकडे पाहिले.

"तुलाही तसंच वाटतं का गं?"

एका वाक्याचे काम होते. आजी, तुझी थुंकी नाही, काटा आहे. एवढेच.

"आजी, जेवून घे," वाएनी म्हणाली.

कालोंदू जेवली नाही. तिने मला फडक्यातून काढले आणि वाएनीच्या हातावर ठेवले. "हा घेऊन जा. अजून कितीतरी टोप्या राहिल्यात. रोपांना काय माहीत कुणाचं काय चाललंय." माझ्यावाचून तिचे फडके सैल झाले. तिने ते पुन्हा बांधले नाही.

त्यानंतरचे दोन दिवस वाएनी जमिनीवर अंग टाकी, पण झोपत नसे. मी तिच्या उशाशी होतो. कालोंदू अंगणात येणेही टाळू लागली. पाण्याला जाणाऱ्या बायका आमच्या कुंपणापासून लांबून जात. एका सकाळी दारापुढे कुणीतरी, घर वाळीत टाकल्यासारखी, राख टाकलेली आढळली. कालोंदूने ती मुकाट्याने झाडली. वाएनी दारात उभी राहून पाहत होती. त्याच सकाळी ती मला घेऊन रोपवाटिकेत गेली.

तिने एका डब्यात पाणी उकळायला ठेवले. दहा टोपीवाली रोपे निवडली. मला एका मेलेल्या रोपाच्या मानेवर घासले आणि तसेच, न धुता, त्या दहांच्या टोप्या उतरवल्या. मग मला उकळत्या पाण्यात बुडवून शंभर मोजले आणि पलीकडची दहा रोपे सोडवली. प्रत्येक रोपानंतर पुन्हा डब्यात. मला चटके बसत होते आणि बरे वाटत होते. पण पहिल्या दहांना शिवताना मला माझे काम पहिल्यांदाच पुरते कळले होते. मी मारायला निघालो आहे हे मला माहीत होते आणि तिलाही.

पाचव्या दिवशी पहिली दहाच्या दहा आडवी होती. दुसरी दहा उभी होती. वाएनी कावुथाला हाताला धरून तिथे घेऊन आली.

कावुथाने दोन्हीकडची रोपे मोजून पाहिली. माझे टोक तिने डोळ्यांजवळ नेले. "म्हणजे हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे नेतोय. थुंकीचं काही नाही."

"काही नाही."

"हे तुला आज कळलं?"

वाएनीने मला तिच्या हातातून परत घेतले आणि डब्यातल्या पाण्यात बुडवले.

"कधीपासून माहीत होतं, वाएनी?"

"तुम्ही अंगणात आलात त्याच्या आधीपासून."

"आणि तू मला तिच्यासमोर ते बोलू दिलंस."

"मला भीती वाटली."

"मलाही वाटतच होती," कावुथा म्हणाली. "म्हणून तर मी बोलले."

त्याच दिवशी सगळ्या बायका आमच्या अंगणात आल्या. कुणी दूध आणले, कुणी चवळी. कावुथाने गुडघे टेकले. कालोंदू सुपात शेंगा सोलत होती, ती सोलतच राहिली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "रोपं किती उरली?"

"दोनशेच्या आसपास."

"उरली ना. बरं झालं." मग ती वाएनीकडे वळली. मला वाटले आता ती ओरडेल. तिने नुसते विचारले, "काटा उकळल्यावर वाकडा नाही ना झाला?"

कावुथाने चारदा बोलावले, तरी ती रोपवाटिकेत पुन्हा गेली नाही. उरलेल्या टोप्या वाएनीने उतरवल्या. शेजारी उकळत्या पाण्याचा डबा असे, आणि थुंकीऐवजी पाण्याचा थेंब. टरफले तेवढीच मऊ होत. दोनशे रोपे डोंगरावर लागली आणि पाऊसही त्या वर्षी बरा झाला.

डिसेंबरात वाएनीला मुलगी झाली. नाव ठेवण्याच्या दिवशी अंगण भरले होते. ज्यांनी राख टाकली असेल त्याही आल्या असतील. मी वाएनीच्या फडक्यात होतो. तिने बाळाच्या छातीवरचे कापड बाजूला केले आणि बाळ कालोंदूच्या मांडीवर ठेवले.

कालोंदूने बाळाला निरखले. तिचे ओठ हलले. ती पुढे वाकली, अगदी जवळ गेली आणि तिथेच थांबली.

"आजी," वाएनी म्हणाली, "तुझा दोष नव्हता. सगळ्यांनी कबूल केलंय."

"माहीत आहे गं. डोक्याला माहीत आहे. या तोंडाला नाही." ती मान वर न करता बोलत होती. "काट्याला तुम्ही उकळत्या पाण्यात घातलंत, तो चोख झाला. मला कुठल्या पाण्यात घालणार?"

कालोंदूने शेजारच्या भांड्यात बोट बुडवले, पाण्याचा एक थेंब बाळाच्या छातीवर लावला आणि बाळ परत दिले. मग पदराने आपले ओठ पुसले. ते कोरडेच होते. वाएनीने बाळ छातीशी धरले आणि ती सगळ्यांदेखत हमसून हमसून रडली. कालोंदूने तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण तोंड मिटलेलेच ठेवले.

मित्रांनो, माझ्यासारखे एखादे हत्यार तुमच्या हाती आले तर प्रत्येक रोपानंतर ते उकळत्या पाण्यात बुडवा. आळस करू नका. टोपी आधी मऊ होऊ द्या, वर खेचू नका, मानेला धरून हळू फिरवा. एवढे केलेत तर रोपे वाचतील. माणसाचे मात्र एवढ्यावर भागत नाही. मी पहिल्या सकाळपासून सगळे जाणत होतो, पण तेव्हा मला वाचा नव्हती, म्हणून गप्प राहिलो. वाएनीला वाचा होती. तिने ती वापरली, पण दहा दिवस उशिरा, आणि त्या दहा दिवसांत जे कुजले ते पुन्हा उभे राहिले नाही. तुम्हाला काही ठाऊक असेल तर त्याच दिवशी सांगा.